बेचाळीस अक्षरांचा दम

मित्रांनो, मी एक जुना ओळी मोडणारा आहे. लग्नं मोडणारे तुम्ही पाहिले असतील, शब्द मोडणारे तर घरोघरी असतात. ओळी मोडणारा बहुधा पाहिला नसेल. मी संगणकाचा एक प्रोग्राम आहे. एका काळ्या फ्लॉपीवर माझा मुक्काम, ती फ्लॉपी सिगारच्या रिकाम्या पेटीत, आणि पेटी कामाहुआनी गावात सेनाइदामामीच्या कपाटावर. दोन वर्षं त्या पेटीत राहून माझ्या अंगाला तंबाखूचा वास लागला आहे.

पुढचं सांगण्याआधी एक कबूल करून टाकतो. मी जळका आहे. पहिल्यापासून आहे आणि अजूनही आहे. लोक म्हणतात, यंत्राला मन नसतं. नसेल बापडं. पण मग एका म्हातारीच्या तांबड्या पेन्सिलीची आठवण आली की माझ्या अंगाचा तिळपापड कशानं होतो, तेवढं त्यांनी मला सांगावं.

मला इदानियानं लिहिलं. सान्ता क्लाराच्या विद्यापीठात शिकून ती गावी परतली होती आणि सिगारच्या कारखान्यातला एकुलता एक संगणक सांभाळत होती. तिच्या आधीच्या लोकांनी लिहून ठेवलेले प्रोग्राम म्हणजे नुसती गिचमिड! कुठली अट कुठं सुरू होते, कुठं संपते, कोण कुणाच्या पोटात आहे, ब्रह्मदेवालाही कळू नये. एक दिवस ती वैतागली. म्हणाली, "हे विंचरायला कुणीतरी पाहिजे." आणि तीन आठवडे खपून तिनं मला जन्माला घातलं.

माझं काम ऐकायला सोपं आहे. एखादा समूह ओळीत अख्खा मावत असेल तर त्याला हात लावायचा नाही. मावत नसेल तर आधी बाहेरचा सांधा मोडायचा, आणि तरीही नाहीच भागलं तर मग आतला. मोडून खाली आलेला भाग चार जागा आत सरकवायचा, म्हणजे बघणाऱ्याला लगेच कळतं की हा वरच्याच्या घरातला आहे. मी शब्द मुठीत धरून ठेवतो, पुढं काय येतंय ते एका ओळीपुरतं बघून घेतो, आणि मगच मूठ उघडतो. घाई नाही, धांदल नाही. मी जन्मात स्वतःचं एक अक्षर लिहिलं नाही. माझी सगळी कमाई म्हणजे मोकळी जागा.

माझं पहिलं पान छापून आलं तेव्हा इदानियानं ते दोन्ही हातांनी धरून खिडकीशी नेलं आणि म्हणाली, "अगं बाई, किती देखणं!" मित्रांनो, तो दिवस मी विसरलेलो नाही. तेव्हा मला वाटलं, जगात माझ्यासारखा मीच.

कौतुक सगळ्यांनाच सोसत नाही. कामगार समितीचा प्रमुख ओतोनिएल, कोठीच्या किल्ल्याही त्याच्याच कमरेला. त्या वर्षांत आमच्या देशात सगळ्याचाच दुष्काळ होता: साबण नाही, तेल नाही, वीज आली तर आली, कागद तर औषधालाही नाही. आम्ही जुन्या फॉर्मच्या पाठीवर छापायचो. ओतोनिएलनं माझं पान पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अर्धं पान कोरं! हा तुझा प्रोग्राम कागद खातो, इदानिया!"

पलीकडून फेलिपा ओरडली. फेलिपा पहिल्या रांगेत बसून सिगार वळायची आणि तिची जीभ हातातल्या पात्याहून धारदार होती. आमच्या गावात दोन आळ्या आहेत, एक बोकडांची आणि एक बेडकांची, आणि मार्चच्या जत्रेत दोघी एकमेकींना पाण्यात पाहतात. फेलिपा बेडूक, ओतोनिएल बोकड.

"कागद खाणारा बोकड तर तूच रे! जन्मापासून त्याच आळीत चरतोयस!"

दालनातली दीडशे माणसं खो खो हसली. ऑफिस आणि दालन यांच्यामध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत होती. म्हणून तर मला इकडे बसून तिकडचं सगळं ऐकू यायचं.

आता दालनाचं सांगतो, कारण माझं सगळं भलंबुरं तिथंच झालं. सिगार वळणाऱ्याचे हात पानांत गुंतलेले असतात, पण कान मोकळे. त्या कानांसाठी आमच्याकडे वाचक असतो. उंच चौथऱ्यावर बसून तो सकाळी वर्तमानपत्र वाचतो, दुपारी कादंबरी. वाचकाला कारखाना नेमत नाही. वळणारी माणसंच मतं देऊन निवडतात आणि नकोसा झाला की मतं देऊनच उतरवतात. वाचन आवडलं की सगळे हातातलं चपटं पातं पाटावर आपटतात, टक टक टक टक. नाही आवडलं तर पातं जमिनीवर सोडून देतात. तो एक खणकन आवाज ऐकून मोठेमोठे वाचक घरी बसले आहेत.

एव्हारिस्तो हा इदानियाचा सख्खा मामा. एकतीस वर्षं त्या चौथऱ्यावर तोच होता. आवाज असा की पावसातही मागच्या रांगेला ऐकू जावा. पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता आणि तंबाखूच्या धुळीनं छाती पोखरली होती. वर्तमानपत्रातली लांबलचक वाक्यं त्याला मध्येच दगा देऊ लागली. म्हणून त्याची बायको, सेनाइदामामी, रोज सकाळी टेबलाशी बसून, तांदूळ निवडून झाले की, पेपर पुढ्यात ओढायची आणि तांबड्या पेन्सिलीनं तिरके फराटे मारायची: इथं थांब, इथं श्वास घे, इथं पुन्हा घे.

इदानियानं ते पाहिलं आणि तिच्या डोक्यात ट्यूब पेटली. प्रोग्रामसारखंच वाक्यालाही पोट असतं, पोटात आणखी पोट असतं. मग जो प्रोग्राम विंचरतो तो वाक्य का नाही विंचरणार? तिनं मला स्वल्पविराम शिकवले, "आणि", "पण", "जेव्हा", "तरी" शिकवले. मग एका दुपारी मामाला दाराशी उभं करून वाचायला लावलं आणि तो एका दमात आरामात किती अक्षरं वाचतो ते मोजलं.

"बेचाळीस," ती म्हणाली, आणि माझ्या पहिल्याच ओळीत तो आकडा लिहून टाकला. बेचाळीसपेक्षा लांब ओळ छापायची नाही. बस्स, माझ्या आयुष्याचा मंत्र ठरला.

पहिल्या दिवशी मी छापलेली कादंबरी घेऊन मामा चौथऱ्यावर चढला. मोठी अक्षरं, प्रत्येक ओळ एका दमाची, पोटातलं वाक्य आत सरकवलेलं, म्हणजे तिथं आवाज खाली आणायचा. ती कादंबरी आमच्या दालनाची लाडकी. दर चार-पाच वर्षांनी पुन्हा वाचायची, पहिलं पान सगळ्यांना पाठ. एकतीस वर्षांपूर्वी मतदानाच्या दिवशी मामानं हेच पान वाचून ती जागा मिळवली होती.

    दीपगृहाच्या रखवालदाराची विधवा दर संध्याकाळी वर चढून दिवा लावायची,
    आणि समुद्रावर एकही जहाज दिसलं नाही तरी काच पुसून ठेवायची.

दोन ओळी, दोन दम. मामाचा आवाज एकदाही अडला नाही. वाचन संपलं तेव्हा दीडशे पाती पाटांवर नाचली. भिंत थरथरली. मी इकडे संगणकात छाती फुगवून बसलो होतो, म्हणजे छाती असती तर. मामा ऑफिसात येऊन म्हणालासुद्धा, "पोरी, तुझा कागद आपोआप वाचतो बघ!"

त्यानं कौतुक केलं, पण खिशातून काय काढून घाम पुसला? रुमाल नव्हे. मामीनं फराटे मारलेल्या एका जुन्या पेपरचा तुकडा! घडी घालघालून मऊ झालेला. घाम पुसून तो पुन्हा छातीच्या खिशात ठेवला. माझी पानं मात्र काखोटीला. तिथं पहिली ठिणगी पडली.

मग मामी रोज दुपारी कॉफीचा थर्मास घेऊन यायची. कॉफी कसली, निम्मे भाजलेले वाटाणे; पण मामा ती अशी प्यायचा की जणू अमृत. उद्याची पानं तो घरी नेऊन एकदा नजरेखालून घालायचा. आणि सकाळी ती पानं परत यायची तेव्हा त्यांवर एक तांबडा फराटा असायचा.

एक! माझ्या निर्दोष पानावर! आणि कुठं? ओळीच्या मध्येच. ना स्वल्पविराम, ना सांधा, कशाचा कशाला पत्ता नाही. मी नियमानं चालणारा, आणि ही चार इयत्ता शिकलेली बाई माझ्या ओळीच्या पोटात पेन्सिल खुपसते! नाकाला मिरच्या झोंबल्या. मला वाटलं, हिची जागा गेली म्हणून हिला सहन होत नाही. जळते मेली माझ्यावर. (आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. जळत कोण होतं ते तुम्हाला कळलंच असेल.)

इदानियानंही एकदा म्हणून पाहिलं.

"मामी, आता ठेव की ती पेन्सिल. तुझे डोळे तरी कुठं धड आहेत? मशीन करतं ना सगळं."

"हो गं, ठेवते," मामी म्हणाली. "चांगलंच करतं तुझं मशीन. सुबक करतं."

आणि दुसऱ्या दिवशी दोन फराटे. मग तीन. उन्हाळा लागेपर्यंत ओळीआड एक फराटा. पान जखमी झाल्यासारखं दिसायला लागलं. मी मनातल्या मनात तिला काय काय बोललो ते मुलांसमोर सांगण्यासारखं नाही.

शेवटी इदानियाच कंटाळली. मामाला म्हणाली, "पानं आता इथंच कपाटात राहू देत, मामा. सकाळी सरळ चौथऱ्यावर ने. मामीला विश्रांती मिळू दे जरा." मामा "बरं" म्हणाला. मामीला कळलं तेव्हा ती थर्मासचं झाकण फिरवत तशीच उभी राहिली. काहीतरी बोलणार होती. मग थर्मास उचलून घरी गेली.

मी जिंकलो, मित्रांनो! कोरी करकरीत पानं, फक्त माझ्या हातची. एका शब्दाला कुणाचा धक्का नाही. आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नव्हता, आणि इतका टाकाऊ आनंदही कधी झाला नाही.

तीन दिवसांनी मामाला ओळीच्या मध्ये खोकला आला. पाचव्या दिवशी वाक्य अर्ध्यावर तुटलं आणि दालन वाट बघत राहिलं. मामाचा स्वभाव हट्टी. कागदावर ओळ संपत नाही तोवर श्वास घ्यायचा नाही, ही त्याची टेक. नजरही अधू, पुढचं आधी दिसायचं नाही. ओळीचं टोक गाठायचं म्हणून तो धावायचा आणि टोकाच्या आधीच कोसळायचा. आवाज चिरका व्हायला लागला. शब्द गिळले जायला लागले. पाती वाजायची बंद झाली. आणि एका सोमवारी मधल्या रांगेतून तो आवाज आला. खणकन.

कुणी टाकलं ते कुणीच कबूल केलं नाही. मामानं पान मिटलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. मग जिथं सोडलं होतं तिथूनच वाचू लागला. पण ऐकणारं कुणी उरलं नव्हतं.

संध्याकाळी ओतोनिएल ऑफिसात आला. त्याला फार आनंद झाला होता असं नाही म्हणणार मी. दाराशीच टोपी चाळवत उभा राहिला.

"समितीकडे चिठ्ठी आलीय. शनिवारी मतदान. काइबारिएनची ती यामिला, रेडिओवर बोलायची ना, ती पण वाचणार. तीही वाचेल, आपले एव्हारिस्तोमास्तरही वाचतील. लोक ठरवतील."

"आणि मामा हरला तर?"

"मग काय, घरी बसतील. वय झालं की गं."

"घरी बसून काय करेल तो? मामीबरोबर तांदूळ निवडेल?" इदानिया खुर्चीतून उठली. "वाचन बंद झालं तर तो महिनाभरसुद्धा काढायचा नाही, ओतोनिएल! तुलाही माहीत आहे ते!"

ओतोनिएल टोपी घालून निघून गेला.

इदानियाला वाटलं, माझ्यात काही बिघाड झालाय. तिनं मला उलटंपालटं करून तपासलं. एकही चूक नव्हती. ओळ बेचाळीसची, सांधे बरोबर, सरकवलेली जागा बरोबर. मी तर अगदी तोऱ्यात होतो: बघ, बघून घे, माझ्याकडे बोट दाखवायला जागा नाही. मग तिनं कपाटातून जुनी पानं काढली, मामीच्या फराट्यांची, आणि तारखेनुसार टेबलावर मांडली. बोट ठेवून ओळीच्या सुरुवातीपासून फराट्यापर्यंत अक्षरं मोजायला लागली. जानेवारीत अडतीस. मार्चमध्ये पस्तीस. एप्रिलमध्ये बत्तीस. शेवटच्या पानावर तीस.

ती मोजतच राहिली. मग पेन्सिल खाली ठेवून तिनं तोंडावर हात घेतला.

माझ्या डोक्यावर बेचाळीस आकडा लिहिला तेव्हापासून तो कुणी बदललाच नव्हता. माणसाचा दम काही दगडावरची रेघ नसतो. तो कमी होत होता, आणि मी मात्र दिमाखात बेचाळीसच्या ओळी छापत होतो. मी ज्याला खोडसाळपणा समजलो ते फराटे म्हणजे मामीनं माझी चूक झाकली होती, रोज, एकही शब्द न बोलता.

इदानिया तशीच उठली आणि मामीला हाताला धरून घेऊन आली. मामीच्या ओच्यात अजून तांदळातले खडे होते.

"मामी, तुला कसं कळायचं गं? किती अक्षरं ते?"

"अक्षरंबिक्षरं मला कुठली कळतात?" मामी खुर्चीच्या कडेवर बसली. "तो सकाळी दाढी करताना ते विधवेचं वाक्य म्हणतो. एकतीस वर्षं म्हणतोय. आधी अख्खं एका दमात म्हणायचा, मधे गालाला साबणही लावायचा. मी तांदूळ निवडता निवडता ऐकते. कुठं थांबला ते ध्यानात ठेवते. रोज थोडं अलीकडे थांबतो."

"मग बोलली का नाहीस?"

"त्याला कळलं असतं की मी मोजतेय, तर त्यानं दाढीच सोडली असती. तुला माहीत नाही तुझा मामा? छाती दुखते विचारलं तर म्हणतो, पाठ दुखते." मग तिनं पदरासारखा ॲप्रनचा कोपरा बोटाभोवती गुंडाळला. "आणि तुझं मशीन इतकं नीट करायचं. मला वाटलं, माझंच मेलीचं चुकत असेल."

मित्रांनो, हे ऐकलं तेव्हा वीज जाईल तर बरं, असं मला वाटलं. पण नेमकी तेव्हा वीज जात नाही.

"आज सकाळी कुठं थांबला?" इदानियानं विचारलं.

मामीनं डोळे मिटून ते वाक्य हळूच म्हटलं आणि एका जागी थांबली. इदानियानं मोजलं. अठ्ठावीस. मग तिनं कीबोर्ड मामीपुढे सरकवला.

"तूच लिही."

"मी? अगं, बिघडेल काहीतरी!"

"नाही बिघडत. लिही."

मामीनं एका बोटानं, सुईत दोरा ओवताना धरावा तसा श्वास धरून, आधी दोन दाबला, मग आठ. माझ्या डोक्यावर जन्मात पहिल्यांदा दुसऱ्या कुणाचा हात फिरला. मी चाललो. आणि पान असं आलं:

    दीपगृहाच्या रखवालदाराची विधवा
        दर संध्याकाळी वर चढून दिवा लावायची,
    आणि समुद्रावर एकही जहाज दिसलं नाही
        तरी काच पुसून ठेवायची.

ओतोनिएल कोठीतून कागद द्यायला आला आणि ते पान बघून किंचाळलाच.

"आता तर पाऊण पान रिकामं! एका प्रकरणाला दुप्पट कागद लागेल!"

"रिकामं कुठाय?" मामी म्हणाली. "तिथं तो श्वास घेतोय."

ओतोनिएलनं पानाकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं. कमरेच्या किल्ल्या काढल्या आणि कोऱ्या कागदांचं एक अख्खं बंडल आणून टेबलावर ठेवलं. म्हणाला, "मी काही दिलं नाही. उंदरांनी नेलं म्हणेन." बोकड असला तरी माणूस वाईट नव्हता.

शनिवार आला. यामिलानं आधी वाचलं. गोड आवाज, झुळझुळ पाणी. कुठं अडणं नाही, कुठं खाचखळगा नाही. पाती वाजली, चांगली वाजली. मी भिंतीपलीकडून ऐकत होतो आणि माझं पाणी पाणी झालं. हिला माझी गरजच नव्हती! ही साठ अक्षरं एका दमात ओढून वर हसू शकत होती.

मग मामा चढला. चौथऱ्याच्या पायऱ्या चढून धाप लागली, ती जाईपर्यंत थांबला. त्यानं पान डोळ्यांजवळ नेलं. नवं पान तो तिथंच पहिल्यांदा पाहत होता. त्याला आधी सांगितलं असतं तर त्यानं ते फाडलं असतं. क्षणभर त्याच्या कपाळाला आठी पडली. मग त्यानं वाचलं.

"दीपगृहाच्या रखवालदाराची विधवा."

थांबला. ओळ संपली होती, म्हणून थांबला. दालनाला वाटलं, पुन्हा अडला. कुणीतरी सुस्कारा टाकला.

"दर संध्याकाळी वर चढून दिवा लावायची," मामा आत सरकलेल्या ओळीसाठी आवाज खाली आणत म्हणाला. आवाज भरलेला होता, जुना, पावसातही मागच्या रांगेला ऐकू जाणारा.

"आणि समुद्रावर एकही जहाज दिसलं नाही."

पुन्हा थांबला. सगळ्यांना पुढचं पाठ होतं, मित्रांनो. दीडशे जणांना पाठ होतं. पण त्या थांबण्यात एकही हात हलला नाही, पान वळता वळता थांबले सगळे. जणू जहाज आज तरी येईलही कदाचित.

"तरी काच पुसून ठेवायची."

शेवटच्या ओळीपर्यंत त्याला एकदाही खोकला आला नाही. त्यानं पान खाली ठेवलं. मग पहिल्या रांगेत फेलिपाचं पातं वाजलं, आणि मग सगळी पाती, टक टक टक टक, एवढी की छपरातली धूळ खाली आली. फेलिपा रडत रडत ओरडत होती, "एकतीस वर्षं ऐकतेय मी ती मेली विधवा! ती वाट बघत होती, हे मला आज कळलं!"

मतं मोजायची गरजसुद्धा पडली नाही. यामिला स्वतः चौथऱ्यापाशी येऊन मामाच्या पाया पडायचीच राहिली होती. तिनं त्याचे दोन्ही हात धरले आणि "मास्तर, मला शिकवा" म्हणाली.

आणि मामा? तो ऑफिसात आला, माझं पान चार घड्या घालून छातीच्या खिशात ठेवलं, जुन्या पेपरच्या तुकड्याशेजारी. माझं पान! तांबडा फराटा नसलेलं! ज्यासाठी मी इतके महिने जळत होतो तेच झालं. पण त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. तो मामीकडे बघत होता.

"किती?" त्यानं विचारलं.

"काय किती?"

"दाढी करताना मोजतेस ना? मी काय बहिरा आहे? तुझ्या ताटातले तांदूळ वाजायचे थांबतात."

मामी लाजली. सत्तरीची बाई, लाजली! म्हणाली, "अठ्ठावीस, म्हाताऱ्या."

"अजून बरेच आहेत," मामा म्हणाला.

मी तिथंच होतो, मित्रांनो. पडद्यावर हिरवा ठिपका लुकलुकत. माझ्याशी कुणी काही बोललं नाही.

त्यानंतर मामानं आणखी चौदा महिने वाचलं. दर थोड्या दिवसांनी मामी यायची, थर्मास ठेवायची आणि एका बोटानं आकडा बदलायची. सव्वीस. चोवीस. बावीस. पानावरची मोकळी जागा वाढत गेली. एकोणीसवर ती फार वेळ कीबोर्डवर बोट ठेवून बसली. त्या पुढच्या आठवड्यात ती आली नाही. चौथऱ्यावर काळं कापड आलं, दालनात त्या दिवशी सगळी पाती पालथी ठेवलेली होती.

यामिला वाचक झाली. चांगली वाचते, मला म्हणायला काय जातंय! कारखान्यात नवे संगणक आले. त्यांवर नवे ओळी मोडणारे आले, क्षणात हजार पानं विंचरणारे. माझी फ्लॉपी कुणीतरी चहाच्या कपाखाली ठेवायला घेतली होती. इदानियानं ती हिसकावून घेतली आणि जुन्या संगणकासकट मामीच्या घरी आणून ठेवली. त्या नव्या लोकांचा मला हेवा वाटतो का? अहो, पोटात दुखतं! पण खरं सांगू? त्यांच्या डोक्यावर कुणाचं बोट फिरलेलं नाही. त्यांचा आकडा ऐंशी, सगळ्यांसाठी ऐंशी. तिथं मी जरा खूश होतो.

म्हणून एवढंच मागतो, मित्रांनो. कुणाची काळजी घ्यायचं काम आमच्यासारख्यांवर सोपवलंत तर खुशाल सोपवा, आम्ही झोपत नाही आणि कंटाळत नाही. पण आम्हाला दिलेला आकडा अधूनमधून बघत जा. आम्ही तो आपणहून कधीच बदलत नाही. माणूस बदलतो. आणि कुणी तुमच्या सुबक कामावर तांबडा फराटा मारला तर रागावण्याआधी तिथपर्यंतची अक्षरं मोजा.

आता शेवटचं सांगतो. मामा गेला, मग मी मामीच्या घरी आलो, आणि पहिल्याच रविवारी मामीनं इदानियाला मला चालवायला सांगितलं. कागद नव्हता, पडद्यावरच. इदानियानं विचारलं, "आकडा एकोणीसच ठेवू ना, मामी?" मामी म्हणाली, "ठेव." आणि ती विधवेचं वाक्य मोठ्यानं वाचू लागली. तिला चांगला साठ अक्षरांचा दम आहे. तरी प्रत्येक ओळीच्या टोकाशी ती थांबायची, दुसऱ्या कुणाचा तरी श्वास पुरा होईपर्यंत थांबावं तशी.

महिनाभर एकोणीस चाललं. मग एका रविवारी तिनं स्वतःच कीबोर्ड ओढला, आणि विसावर नेलं. मला वाटलं बोट चुकलं. पुढच्या महिन्यात एकवीस. मग बावीस. इदानियानं काही विचारलं नाही, आणि विचारायचं नसतं हे मलाही एव्हाना कळलं आहे. महिन्याला एक अक्षर. मामी त्याला त्याचा दम परत देत चालली आहे.

गेल्या रविवारी एकेचाळीस होते. ती वाचत होती तेव्हा मी तिच्या बोटाकडे पाहत होतो. माझ्यासाठी कुणी असं कधी केलं नाही, आणि करणारही नाही. जळलो, खूप जळलो. पण ओळी मी अगदी नीट मोडल्या.

पुढच्या महिन्यात बेचाळीस.